नंदनवार सरांचं गुप्त संशोधन

नंदनवार सरांना कापड चिमटीत धरून बघायची खोड होती. समोरचा माणूस प्राचार्य असो, बस कंडक्टर असो की लग्नातला नवरदेव, सर बोलता बोलता त्याच्या बाहीचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचे, हलकेच चोळायचे आणि निकाल द्यायचे. "मशीनचं हाये. दोनदा धुतलं का गेलं." नवरदेवाचं तोंड उतरायचं आणि शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी मनकर्णाकाकू सरांना कोपराने ढोसायच्या. सर नागपूरच्या महाल भागातल्या कोष्ट्याच्या घरात जन्मले. बाप आणि आजा दोघेही मागावर बसणारे. रामाजी नंदनवार हा पोरगा पुढे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, पण बोटं विणकराचीच राहिली.

माझी आणि त्यांची ओळख याच खोडीतून झाली. मी उमरेडहून नागपूरला बी.एस्सी.ला आले तेव्हा माझ्या खांद्याला एक शबनम पिशवी असायची. हौस म्हणून नव्हे, दुसरी नव्हती म्हणून. पहिल्याच प्रॅक्टिकलला सर सूक्ष्मदर्शकाजवळ आले, शेवाळ बघायचं सोडून पिशवीचा कोपरा चोळायला लागले.

"ही उमरेडची. कोणाच्या मागावरची वं?"

"बाबाच्या, सर."

"माग चालू हाये?"

"नाही. बंद झाला. बाबा आता दाल मिलमध्ये जातात."

सर नुसतं "हं" म्हणाले आणि शेवाळाकडे वळले. मला वाटलं, विषय संपला.

थोड्या दिवसांनी मी गावी परत जायच्या बेतात होते. खोलीचं भाडं आणि मेसचं बिल यांचं गणित काही केल्या जमत नव्हतं. तेवढ्यात सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "शामला, तुले तिखट सहन होते का?"

सरांचं म्हणे एक मोठं संशोधन चालू होतं. भिवापुरी मिरचीत बिया किती असतात, कोणत्या मिरचीत जास्त, कोणत्या मिरचीत कमी. त्यासाठी विश्वासू सहायक हवा होता. कामाचं मानधन दर महिन्याला पाकिटातून मिळणार होतं. "पण कोणाले सांगाचं नाही," सर म्हणाले. "पेपर छापून येईपर्यंत आपलं काम गुप्त. या लाइनीत चोऱ्या भल्ल्या होते."

मी शब्द दिला आणि तीन वर्षं पाळला. दर रविवारी सरांच्या घरी जायचं, गच्चीवर मिरच्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचं, एकेक मिरची फोडायची, बिया मोजायच्या, आकडा कागदावर लिहून सरांना द्यायचा. हातांची आग व्हायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. दुपारी काकू हाताला तेल लावून द्यायच्या आणि वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात असं पोटभर जेवू घालायच्या. सरांनी इतक्या मुलांतून मला एकटीला निवडलं, या गोष्टीने माझी मान कायमची ताठ झाली. आज मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. पोट्टे मला माझ्या पाठीमागे तिखट मॅडम म्हणतात. त्यांना मिरच्यांचं काही माहीत नाही, हे नाव त्यांनी माझ्या तोंडावरून ठेवलं आहे. पण वर्गात कोणी फार शहाणपणा केला की मी ऐकवत आले, "मी नंदनवार सरांची संशोधन सहायक होते, समजलं?" वर्ग गप्प व्हायचा. काय संशोधन, ते मी तिथेही सांगत नसे, कारण पेपर अजून छापून यायचा होता.

गेल्या वर्षी सर गेले. दुपारचं जेवण झालं, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेरवीला जुने विद्यार्थी इतके आले की गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. तिथेच जेवणाच्या पंगतीत ठरलं, सरांच्या नावाने शिष्यवृत्ती काढायची. वर्गणीसाठी कोणाच्या मागे लागावं लागलं नाही, उलट "माझे घेतले का" असे फोन येत राहिले. समिती सरांच्याच तिघा विद्यार्थ्यांची. अध्यक्ष भैय्याजी, कारण त्याचं सक्करदऱ्याला मंगल कार्यालय आहे आणि हॉल फुकट मिळणार होता. सचिव पंकज, कृषी खात्यातला अधिकारी, कारण त्याला शुद्ध भाषेत लिहिता येतं. आणि मी, कारण कोणीतरी या दोघांवर ओरडायला हवं होतं.

पहिली शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे सरांच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मॅडमनी सुचवलं. अपेक्षा नावाची मुलगी, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, भिवापूरजवळच्या खेड्यातली. वडील भिवापूर ते उमरेड ऑटो चालवतात, थोडं कोरडवाहू वावर आहे, धाकटा भाऊ बारावीला. मुलगी हुशार, पण नागपुरात राहण्याचा खर्च झेपत नव्हता आणि ती शिक्षण सोडायच्या विचारात होती. भिवापूर म्हटल्यावर मी तर मनातल्या मनात शिक्कामोर्तब करून टाकलं.

आम्ही तिला भैय्याजीच्या कार्यालयात बोलावलं. भैय्याजीने आयुष्यभर लग्नंच लावली असल्यामुळे त्याला कुठलाही समारंभ लग्नासारखाच दिसतो.

"बेटा, तू मागून येशीन," तो रंगात येऊन सांगू लागला. "हॉलमधले लाइट बंद. दोन्ही बाजूले फवारे उडतीन, थंडेवाले, भाजत नाही. स्टेजवर मोठा चेक राहीन, थर्माकोलचा. तुह्या आईबाबाले पहिल्या रांगेत बसवू. मंग पंकजभाऊ तुह्या परिस्थितीबद्दल बोलतीन."

पंकजने खिशातून कागद काढला आणि घसा साफ केला. "भिवापूर तालुक्यातल्या एका लहानशा खेड्यात, अठराविश्वे दारिद्र्यात..."

"सर, आमच्या घरी दारिद्र्य नाही," अपेक्षा म्हणाली. "बाबाची ऑटो हाये. वावर हाये."

"हो, हो. पण थोडं लिहावं लागते ना. त्याशिवाय टाळ्या येत नाही."

"हे सगळं मोबाइलवर टाकान का?"

"लाइव्ह दाखवू," भैय्याजी म्हणाला. "तुह्या अख्ख्या गावाले घरबसल्या दिसन."

तिने चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला, तिघांच्या पाया पडली आणि गेली. संध्याकाळी समितीच्या ग्रुपवर विभागाच्या मॅडमचा निरोप आला. अपेक्षा शिष्यवृत्ती नको म्हणते. उमरेडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिला नोकरी मिळते आहे, ती कॉलेज सोडणार आहे.

माझं डोकं फिरलं. माणसं स्वतःहून मदत करायला पुढे येतात आणि या बाईसाहेब नाक वर करून निघून जातात. माज आहे, दुसरं काही नाही, असं मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा. भैय्याजीने खाली तीन हात जोडलेले पाठवले. ते मला होते की पोरीला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही काकूंकडे गेलो. कार्यक्रमाची पत्रिका छापून आली होती, ती पहिली त्यांच्या हाती द्यायची होती आणि आता दुसरी मुलगी शोधावी लागेल हेही सांगायचं होतं. काकूंना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्या म्हणाल्या, "वाचून दाखव वं शामला."

मी वाचलं. "कै. प्रा. रामाजी नंदनवार स्मृती शिष्यवृत्ती प्रदान सोहळा. गरीब व होतकरू विद्यार्थ्यांकरिता..."

"थांब," काकू म्हणाल्या. "हे कोणं लिहिलं?"

"मी, काकू," पंकज उत्साहाने म्हणाला. "सगळीकडे असंच लिहितात."

 हातातली सुपारी काकूंनी अडकित्त्यात तशीच धरून ठेवली. मग सांगू लागल्या. सर शाळेत असताना महालातल्या एका मंडळाने त्यांची फी भरली होती. त्या बदल्यात दरवर्षी मंडळाच्या उत्सवात सरांना स्टेजवर उभं राहावं लागायचं. मंडळाचे चिटणीस मोठ्या प्रेमाने सांगायचे, हा अमक्या कोष्ट्याचा पोरगा, बापाचा माग अर्धा महिना रिकामा असते, घरी एक वेळची चूल पेटते. लोक हळहळायचे, टाळ्या वाजवायचे. एका वर्षी सरांचे वडील ऐकायला बसले होते. ते मधूनच उठून गेले.

"त्या दिवसापासून माह्या सासऱ्यानं त्या गल्लीतून जाणं सोडलं," काकू म्हणाल्या. "सूत आणाले जाचं तर लांबून वळसा मारून जात. मरेपर्यंत. अन् हे मले लग्न झाल्यावर पहिलं काय बोलले असतीन, तर हेच. मी कोणाले देईन, पण गरीब म्हणून देणार नाही. हात पसरला असं त्या लेकराले वाटलं नाही पाहिजे."

 पंकजने पत्रिका उलटी करून ठेवली.

"पण काकू," तो म्हणाला, "सर मदत कोणाले करत होते? मले तर कधी दिसलं नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"तुले दिसलं नाही? काय मोजत होता गा तू?"

पंकज कानापर्यंत लाल झाला. कृषी खात्यातला एवढा मोठा अधिकारी, पण मान खाली घालून म्हणाला, "ते सांगू नको म्हणाले होते सर. पेपर यायचा होता."

"पेपर?" भैय्याजी खुर्चीतून पुढे सरकला. "थांब. कोणता पेपर बे?"

"झाडांचा. रस्त्यावरच्या कडुनिंबांचा घेर टेपने मोजायचो मी. दर रविवारी सकाळी."

"रविवारी सकाळी तं मी सक्करदरा तलावावर राहत होतो," भैय्याजी म्हणाला. "काठावर कोणती झुडपं उगवून राहिली ते लिहाले. मले म्हणे, भैय्या, तूच एक भरवशाचा पोट्टा हाये."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत काकूच बोलल्या.

"हिच्या मिरच्या मीच आणत होती बाजारातून. इनं फोडून ठेवल्या का कांडपावर नेऊन देत होती. तीन वर्षं घरी तिखट विकत आणलं नाही आम्ही. तुह्याच हातचं तिखट खाल्लं बाई साऱ्यांनी. ह्या दोघांनी बी."

भैय्याजी इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पंकजला त्याची पाठ चोळावी लागली. "म्हणून ते कपडे चोळून पाहत होते बे," तो धापा टाकत म्हणाला. "माह्या शर्टाची कॉलर आईनं उलटवून शिवली होती. ते पाहूनच मले तलावावर धाडलं त्यायनं."

मला हसू आलं नाही. चहा अर्धा टाकून मी उठले, गाडीला किक मारली आणि निघाले. गांधीसागर तलावाच्या कडेला येऊन थांबले, कारण पुढचं धड दिसत नव्हतं. मला रडू येत होतं. ज्या गोष्टीवर मी जन्मभर मान ताठ ठेवली, ती वरणात पडलेलं तिखट निघाली होती. संशोधन वगैरे काही नव्हतंच, दर महिन्याचं पाकीट सरांच्या पगारातलं होतं. सरांनी मला हुशार म्हणून निवडलं नव्हतं. माझी पिशवी पाहून निवडलं होतं. मला सरांचा राग आला, भैय्याजीच्या हसण्याचा त्याहून जास्त आला.

शेंगदाणेवाल्याजवळ बराच वेळ उभी राहिले. मग उगाच विचार आला, त्या वेळी सरांनी मला स्टेजवर बोलावलं असतं तर? पुढच्या रांगेत बाबा दाल मिलचा भुसा झटकून बसले असते आणि कोणीतरी माइकवर आमच्या बंद मागाबद्दल बोललं असतं तर? उत्तर शोधावं लागण्याइतकी मी भोळी नाही. मी दुपारच्याच बसने उमरेडला गेले असते आणि पुन्हा नागपूरचं तोंड पाहिलं नसतं. अपेक्षाने केलं ते हेच. मी त्याला माज म्हटलं होतं. घरी जाऊन मी ग्रुपवरचा तो शब्द आधी खोडला.

पुढचं सगळं काकूंनी हातात घेतलं. पत्रिका रद्दीत गेली, थर्माकोलचा चेक भैय्याजीने जड मनाने अडगळीत टाकला, फवारे परत पाठवले. कार्यक्रम मात्र ठरल्या दिवशीच करायचा, पण कोणाला काही द्यायचं नाही, फक्त सरांची आठवण काढायची आणि जेवायचं. अपेक्षाला काकूंनी स्वतः फोन केला. "स्टेज नाही, बॅनर नाही, मोबाइल बी नाही. सरांच्या घरचं जेवण समज अन् ये. नाही आली तर मी रागावीन."

ती आली. सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. केव्हाही उठून जाता यावं अशी जागा मी ओळखते, मीही तशाच जागा निवडत आले. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. ती थोडी आक्रसली, कारण ग्रुपवरचा शब्द तिच्या कानावर गेला असणार.

भैय्याजीने माइक घेतला. त्याने कुठलंही शुद्ध भाषण पाठ केलं नव्हतं, हे फार बरं झालं. "मी सरांच्या गुप्त संशोधनात होतो," तो म्हणाला. "सक्करदरा तलावाचं काम माह्याकडे होतं. पेपर काई अजून आला नाही. आपल्या पंकजभाऊकडे कडुनिंब होते. मले आज इतकंच विचारायचं हाये, या हॉलमध्ये अजून कोण कोण त्या संशोधनात होतं? हात वर करा."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. मिनल, माझ्या दोन वर्षं पुढची, आता स्वतःचं हॉस्पिटल असलेली. "करंजाच्या शेंगा," ती म्हणाली. तिच्यामागे एका बँक मॅनेजरचा हात. "मी महालातल्या विहिरींवरचं शेवाळ बघायचो." मोठ्या गाडीतून आलेला एक जण उभाच राहिला. "बाभळीचे काटे. हे बोट अजून वाकडं आहे." आता लोक हसायला लागले होते आणि हसता हसता हात वर जात होते. डोकं पांढरं झालेल्यांचे, घड्याळ घातलेल्यांचे, मेंदी लावलेल्यांचे. शेजारी बसलेले नवराबायकोसुद्धा एकमेकांकडे पाहून चकित झाले, लग्नाला वीस वर्षं झाली तरी कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगेतून काकू मान वळवून बघत होत्या. त्यांना चेहरे दिसत नसणार, पण एवढे उंचावलेले हात दिसले असतील.

माझा हात मांडीवर होता. उचलायला जड वाटत होता हे खरं. हात वर केला की संशोधन सहायक शामला संपणार होती आणि शबनम पिशवीवाली मुलगी तेवढी उरणार होती. मी शेजारी पाहिलं. अपेक्षा तोंड अर्धवट उघडं ठेवून समोरचे हात बघत होती. मी हात वर केला.

"मॅडम, तुम्ही बी?" ती म्हणाली.

"मिरच्या," मी म्हटलं. "भिवापुरी."

ती हसली नाही. पंगतीत वांग्याची भाजी तिने दोनदा मागून घेतली, काकूंच्या पाया पडली आणि गेली. तिला अडवू नका, असं काकूंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. आम्ही अडवलं नाही, पण भैय्याजी ती जाईपर्यंत दारातून हलला नाही.

दोन-तीन दिवसांनी माझा तास संपला तेव्हा ती स्टाफरूमबाहेर उभी होती. मी आत बोलावलं, पण ती दारातच थांबली.

"सोमवारपासून लॅबमध्ये जाचं होतं मले," ती म्हणाली. "काल नाही म्हणून सांगतलं."

"काहून?"

ती चपलेने फरशीवरची धूळ बाजूला करत राहिली. मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, मले काय मोजाले देता?"

 तिला सगळं कळलं होतं आणि कळूनही ती आली होती. मी शक्य तितका तिखट आवाज काढला. "भिवापूरची ना तू? मिरच्या मोज."

"मिरच्या नका देऊ. जल्मभर त्याच तोडल्या मी."

"बरं. मग तलाव घे. भैय्याजीनंतर तिथं कोणी गेलंच नाही. त्या काठावर आता काय उगवते, देव जाणे."

तिने मान डोलावली. रविवारपासून सुरू करते म्हणाली, लिहायला कागद कुठले वापरायचे ते विचारून घेतलं, आणि जायला वळली. दोन पावलं गेल्यावर पुन्हा थांबली. आता ती हसत होती.

"अन् पेपर छापून येईपर्यंत कोणाले सांगाचं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "या लाइनीत चोऱ्या भल्ल्या होते."